होकायंत्राशेजारची मरियामाता

नवऱ्याच्या शिडाच्या होडीसाठी मी दुकानातला सगळ्यात मोठ्या पडद्याचा जीपीएस निवडला. टीव्हीसुद्धा तसाच निवडला होता. पाचूबंदरला होडीवर जीपीएस जोडायला आलेला माणूस तोंडात स्क्रू धरून होकायंत्रापासूनचं अंतर वितीनं मोजत होता. मला तो शिंपीच वाटला. त्याची पाठ वळताच मी घरच्या फ्रिजवरून आणलेली चुंबकाची मरियामाता होकायंत्राशेजारी चिकटवली. सुई गर्रकन तिच्याकडे वळली.

"बघा, सुईपन नमस्कार करते," मी म्हणाले.

त्यानं एकेक स्क्रू सावकाश तोंडातून काढला. "बाय, ही सुई बघून तुमचा धनी उद्या खडकावर जाईल. मातेला मागं बसवा. तिला तिथूनपन दिसतं."

मी मूर्ती मागं नेली आणि संध्याकाळी गल्लीभर सांगितलं की होकायंत्र बिघडलं होतं, मीच दुरुस्त केलं. नातवंडांना अजून तेच ठाऊक आहे.