एकशे बाराव्या घरातली जाळी

मला सगळं नीट आठवतंय, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. एकच काम घेऊन तीन माणसं दोन-तीन वर्षं दर रविवारी बसली, की किस्से साचतात, आणि कोणतं वाक्य कोणाचं याचा घोळ होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, एवढं नक्की. बहुतेक.

एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन संगीतकाराचा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबतची पियानोची मोठी रचना. तिच्या दोन जुन्या छापील प्रती चक्क रत्नागिरीत होत्या! लंडनची प्रत पियानो शिकवणाऱ्या फर्नांडिस बाईंची, वडिलांकडून आलेली. जर्मन प्रत मिरकरवाड्याच्या मासळीबंदरातल्या हसनभाईंनी, बोटीवर नोकरीला असताना, हॅम्बुर्गच्या रद्दीतून माझ्यासाठी आणलेली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, पियानो हौसेचा. दोन्ही प्रती ताडून फरकांची यादी करायची, असं मी ठरवलं.

*

पहिल्या रविवारी बाईंनी आणि मी सहा पानं तपासली. एकही फरक नाही! हसनभाई चहा पीत बसले होते. त्यांना स्वरलिपी अजिबात येत नव्हती. दोन पानं शेजारी धरून म्हणाले, "सर, हितं टिंब आहे, तितं नाही. तुम्ही दोघं वाचता की मनात गाता?"

त्याच सहा पानांत त्यांनी अकरा फरक काढले.

*

मग हसनभाई मोठ्याने वाचायचे, बाई दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवायच्या, मी लिहायचो. पाच रेघा म्हणजे दोऱ्या, दोन उभ्या रेघांमधली जागा म्हणजे घर, आणि स्वर किंचित चढवणारं शार्पचं चिन्ह म्हणजे जाळी. "तिसरी दोरी, काळा, शेपटीवाला, मागे जाळी!"

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "अहो, मासळीचा लिलाव घरात कधीपासून?"

*

मला कागद खाणाऱ्या कसरीची भयंकर धास्ती. रोज दोनदा पानं मोजायचो. बायको म्हणाली, "पोरांच्या परीक्षेला इतके घाबरला नव्हतात!"

*

मग आलं एकशे बारावं घर. जर्मन प्रतीत जाळी, लंडनच्या प्रतीत नाही. मी दोन्ही वाजवून पाहिलं आणि यादीत लिहिलं, 'लंडन प्रत : छपाईची चूक'.

बाईंनी त्या घरावरचं बोट काढलं नाही. "प्रोफेसर, चाळीस वर्षं मी हा स्वर साधा वाजवते. पप्पांनी शिकवला. माझ्या सगळ्या मुली तसाच वाजवतात. तुमची खात्री आहे?"

माझी कशाचीच खात्री नसते. त्या दिवशी मात्र म्हणालो, "आहे."

"आता सगळ्या मुलींना पत्रं घाला!" हसनभाई म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

*

त्या नाताळात चर्चच्या हॉलमध्ये बाईंचा शेवटचा कार्यक्रम झाला. नंतर त्या वसईला बहिणीकडे राहायला जाणार होत्या. हाच कॉन्चेर्टो वाजवायचा होता, पण ऑर्केस्ट्रा कुठला! त्याचा भाग मी पेटीवर धरला होता.

एकशे बाराव्या घरापाशी बाई थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. साधा स्वर वाजवला. मग तेच घर पुन्हा, जाळीसकट. आणि सरळ पुढे गेल्या.

माझी बोटं अडकली. पहिल्या रांगेतून हसनभाई ओरडले, "सर, तुम्ही मागे राहिलात!"

कार्यक्रम संपल्यावर पियानोचं झाकण लावताना बाई म्हणाल्या, "कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा."

बऱ्याच वर्षांनी मुलाकडे लंडनला गेलो, तेव्हा एका ग्रंथालयात त्या संगीतकाराच्या हस्तलिखिताचे फोटो मागवून पाहिले. बाई तोवर गेल्या होत्या. एकशे बाराव्या घरात जाळी आहे. तिच्यावर, त्याच शाईने, काट मारलेली आहे.