क्लॅरोनेटची जागा

पिंपरीला वडील नोकरीला होते त्या औषधाच्या कारखान्याचं कॅन्टीन बांधून झालं होतं, पण टेबलं-बाकं अजून यायची होती. त्या रिकाम्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी चिंचवडच्या एका बँडनं आपली नवी गाणी फितीवर घेतली. ऐकायला कोणी नव्हतं. मी होते, पण तीही टेपचं मशीन चालवायला.

मशीन वडिलांच्या गोऱ्या साहेबांचं. ते कायमचे मायदेशी निघाले होते. सामान बांधण्याआधी त्यांनी ते एका दिवसापुरतं दिलं. तसलंच एक पुढे कारखान्यात येणार होतं, त्यावर मग फीत ऐकता येईल, असा शब्द वडिलांनी बँडच्या मास्तरांना दिला होता. सूचनांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून मला बसवलं. मी नुकतीच पुण्याच्या बोर्डिंगची शाळा संपवून आले होते, आणि परक्या माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटे. मशीनमागे कोणी माझ्याकडे बघणार नाही, एवढंच बरं वाटलं.

गाणी म्हणजे खरं तर नुसत्या चाली, शब्द नसलेल्या. त्या बांधल्या होत्या मास्तरांच्या धाकट्या भावानं. तो क्लॅरोनेट वाजवायचा. उन्हाळ्यात तापानं गेला. कागदावर काही नव्हतं, आणि वरातीत लोक सिनेमाचीच गाणी मागत.

"वाजवली नाही तर चाल हातातून जाते," मास्तर वडिलांना म्हणाले होते. "आत्ताच तिसऱ्या गाण्याचा शेवट दोघं दोन तऱ्हेनं वाजवतात. अजून एक लग्नसराई जाऊ द्या, भाऊ पुरताच जाईल."

त्यांच्या बँडची एक रीत होती. कोणी गेलं की वर्षभर रांगेत त्याची जागा मोकळी सोडायची, आणि त्याच्या वाट्याचं कोणी वाजवायचं नाही. वरातीत ते कळतही नसे. फटाके, पोरांचा आरडाओरडा यात ती फट बुजून जाई.

इथे मुंबई रस्त्यावरचे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. काचांवर चुना उडालेला. आत पांढुरका, सावली न पडणारा उजेड. माणसं ओळीत उभी राहिली. मधे एका माणसाएवढं अंतर.

"ताई," ढोलवाला म्हणाला, "ह्ये यंत्र न वाजवलेलं बी घेतं का?"

"हो. म्हणजे... शांतता येते."

"मग बेस हाय. तिसरं गाणं निम्मं तेच हाय!"

कोणीतरी हसलं. मास्तरांनी वळून पाहिल्यावर थांबलं.

पहिली दोन गाणी नीट झाली. तिसऱ्यात मास्तरांचा ट्रम्पेट विचारतो आणि क्लॅरोनेट उत्तर देतो. त्या उत्तराच्या जागी सगळं एकदम थांबलं, ताशासुद्धा. मग मास्तरांनी हातानं खूण केली आणि बँड पुढे निघाला. शेवट विस्कटलाच.

मी फीत मागे नेऊन ऐकवली. शांततेच्या जागी मशीनची घरघर होती आणि तिच्यात एक श्वास. फुंकण्याआधी माणूस छाती भरून घेतो, तसा. त्याच्यावरच मास्तरांचा ट्रम्पेट आदळला.

"तुमच्यापैकी कोणाचा तरी असेल," मी म्हणाले.

"आमी तिथं ओठाला काय लावतच न्हाई, ताई," ढोलवाला म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

ते खरं होतं. मी त्यांच्याकडेच बघत होते. सगळ्यांची वाद्यं खाली होती. मास्तरांनी तेवढंच पुन्हा ऐकलं, मग परत एकदा.

"घाई केली आपण," ते म्हणाले. "त्यानं श्वास घेतला आणि आपण मधे घुसलो. पुन्हा घ्या."

फीत दुसरी नव्हती. पुन्हा घेतलं तर त्यावरच जाईल आणि आधीचं पुसलं जाईल, हे मी त्यांना सांगितलं.

"श्वाससुद्धा?"

"हो."

ते त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. "नुसता श्वास घ्यायला कोण येतंय," ते म्हणाले. "पुसा."

पुन्हा वाजवलं. उत्तराची जागा आली, सगळे थांबले. मास्तरांचा हात मांडीशी सरळ होता. वेळ जात राहिला. मी ओळीकडे बघायचं टाळून फितीच्या फिरणाऱ्या चक्र्यांकडे बघत होते. फीत पुरेल की नाही याची मला धास्ती होती. आणि मग सगळा बँड एका ठोक्यावर उठला. शेवटही सगळ्यांनी एकच वाजवला.

मी मशीन थांबवलं.

"खूण कवा दिली, मास्तर?" ढोलवाल्यानं विचारलं. "मला दिसलीच न्हाई."

"मी दिली नाही."

मी फीत लावली. आता त्या जागी श्वासबीस काही नव्हतं, नुसती घरघर. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांची बोटं हलत होती. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"झालं. हाच शेवट. आता जात नाही तो."

मग त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही समोर होता. खूण केली कोणी?"

"मी चक्र्या बघत होते," मी म्हणाले.

तेही खरंच होतं. पण बँड उठला त्या क्षणी, त्यांच्या बरोबरीनं, माझी मानही त्याच ठोक्यावर हलली होती. ते गाणं मला येत नव्हतं. एवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.