बेदाण्याच्या शेडमधून उचललेलं वाक्य

साताऱ्यात पटकथा लिहायला शिकणारी मुलं मला बोलावतात आणि विचारतात, संवाद कुठं शिकलात? मी निम्मंच उत्तर देतो. उरलेलं निम्मं कितीतरी वर्षं टाळत आलो.

निम्मं उत्तर असं. तासगावात माझ्या मित्राची बेदाण्याची शेड होती. तिथं बायका गोलाकार बसून बेदाणा निवडायच्या, काड्या बाजूला काढायच्या. मालिकेचा प्रसंग लिहिला की मी तिथं जाऊन मोठ्यानं वाचायचो. तोंडावर कौतुक कुणी करायचं नाही. एखादी फार तर म्हणायची, ही बाई लय बोलती. मी त्यांच्या हातांकडं बघायचो. हात चालूच राहिले तर प्रसंग घरी नेऊन परत लिहायचा. थांबले तर जमला. मला जे काही लिहिता आलं ते त्या हातांमुळं. म्हणून मुलांना सांगतो, कामात असलेल्या माणसाला वाचून दाखवा.

त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी माझ्यासाठी चहा झाकून ठेवायच्या. त्यांची लेक पलूसला दिलेली. एका दुपारी त्या शेजारणीला म्हणाल्या, "लेक म्हणती, खुशीत हाय. पर फोनवर बोलायच्या आदी दार लावून घेती."

सगळ्यांचे हात थांबले. माझं वाचन तेव्हा सुरूही झालं नव्हतं.

पुढच्याच भागात मी ते वाक्य एका आईच्या तोंडी घातलं, जसंच्या तसं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, मला कामं मिळत गेली. शेडमधल्या बायकांनाही अभिमान वाटला. आमच्या मावशींचं वाक्य टीव्हीवर आलं, असं त्या बाजारात, एसटीत, भेटेल त्याला सांगत सुटल्या. ते पलूसला पोचायला वेळ लागला नाही. सासूनं त्या खोलीची कडीच काढून टाकली. त्यानंतर लेक सगळ्यांसमोर बसून फोन करायची. पाणी आलं का, जेवलीस का, एवढंच बोलणं व्हायचं.

हे मला मित्रानं सांगितलं. मावशी मात्र चहा तसाच झाकून ठेवायच्या, माझे प्रसंगही ऐकायच्या. फक्त मी वाचत असताना त्यांचे हात पुन्हा कधी थांबले नाहीत.

त्या अंथरुणाला खिळल्यावर भेटायला गेलो, ते त्या वाक्याबद्दल बोलायचं ठरवूनच. मला बघून त्या म्हणाल्या, "आलास व्हय? काय आणलंयस? वाच की."

पिशवीत एक प्रसंग होता. तो वाचला, चहा घेतला आणि साताऱ्याची गाडी पकडली. पुन्हा गेलो ते त्यांच्या मातीला.

मावशी, ते वाक्य तुमच्या घरातलं होतं. उचलायच्या आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं.