बिनफटीचं टोपडं

आई गेल्यावर बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलंच. मुलुंडच्या आमच्या घरात ते सकाळपासून टीव्हीसमोर बसत आणि टीव्ही बहुतेक वेळा बंद असे. उजवा हात मांडीवर थरथरत राही. तो कुणाला दिसू नये म्हणून ते त्यावर डावा हात ठेवत. हा माणूस उभा जन्म एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होता. त्या कारखान्याच्या जागेवर आता टॉवर उभे आहेत. तिकडून जाताना बाबा मान वर करत नसत.

मला मॉडेल विमानांचा नाद. पन्नाशी उलटली तरी तो सुटलेला नाही. बायको म्हणते, यापेक्षा दारू बरी, बाटली निदान कपाटात मावते. त्या वर्षी मी विमानाचं टू-स्ट्रोक इंजिन काढून फोर-स्ट्रोक आणलं. टू-स्ट्रोक केकाटतं. फोर-स्ट्रोकचा आवाज जाडा आणि संथ, खऱ्या विमानाच्या जवळ जाणारा. पण ते अंगाने उंच. सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्हची झाकणं असतात, त्यामुळे विमानाच्या नाकावर चढवायचं फायबरचं आवरण, म्हणजे काउल, त्याच्यावर बसतच नाही. नेमकं मोजून कापावं लागतं. मी ब्लेड हातात घेतलं आणि मला एक युक्ती सुचली. तेव्हा ती फार शहाणपणाची वाटली.

“बाबा, हे बसत नाहीये. बघता का जरा?”

त्यांनी काउल हातात घेऊन फिरवलं. “टोपडं लहान झालंय,” म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “शेंदूर आण.”

आमचं घर बौद्ध. शेंदूर आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. स्टेशनजवळच्या पूजेच्या दुकानात मागितला तर दुकानदार म्हणाला, “मारुतीला की गणपतीला?” मी म्हटलं, “इंजिनाला.” त्याने निमूटपणे पुडी बांधून दिली.

ही जुन्या फिटर लोकांची रीत. शेंदूर तेलात कालवायचा, इंजिनाच्या झाकणावर पातळ फासायचा, काउल चढवायचं, उतरवायचं. आत जिथे लाल ठसा उमटला तिथे अडतंय. तेवढंच कानशीने घासायचं, पुन्हा चढवायचं. बाबांनी असं किती वेळा केलं कोण जाणे. हात थरथरायचा, पण कानस धरली की थरथर कमी व्हायची. मनगट टेबलाच्या कडेला टेकवून ते त्याला दाबून धरत. दुपारी जेवायला हाका माराव्या लागू लागल्या. एकदा बायकोला म्हणाले, “आमटीत मीठ कमी आहे.” ती आत येऊन मला म्हणाली, “मीठ बरोबर होतं, पण बोलले ना.”

कारखान्यात लाल रंगाला आणखी एक काम होतं. एकाचा जॉब, म्हणजे त्याने घडवलेला भाग, दुसऱ्याने तपासायचा आणि दोष दिसला की त्यावर लाल फराटा ओढायचा, मग तो जॉब वस्तादाचा का असेना. बाबा हा नियम घरीही चालवत. माझ्या भूमितीच्या आकृत्यांवर लाल, आईने शिवलेल्या उशीच्या अभ्र्यावर लाल खडू. आई फणफणायची, पण उसवून पुन्हा शिवायची. वाईट वाटून घ्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

महिनाभराने काउल बसलं. झाकणापुरतं भोक, त्यातून झाकण बाहेर आलेलं आणि भोवती फट म्हणून नाही. बाबांनी विमान खिडकीच्या उजेडात धरलं. “बघ. केस जाणार नाही.” आणि ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मी काउल खालून पाहिलं. मागे भोक नव्हतं. पुढून वारा आत येतो, तो इंजिन थंड करून बाहेर पडायला मागे चांगली मोठी वाट लागते. नाहीतर वारा आतच कोंडतो आणि इंजिन भाजून निघतं. विमानवाल्यांना हे पाठ असतं. बाबा टूलरूमचे. फट म्हणजे दोष, हे त्यांच्या रक्तात. त्यांनी खालची कडसुद्धा विमानाच्या पोटाला चिकटवून बसवली होती.

मी म्हटलं, “झकास.”

मूग गिळून बसलो. थंडीचे दिवस आहेत, दोनच चकरा मारू, काय होतंय, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे ते हसू मला मोडायचं नव्हतं.

रविवारी सकाळी बदलापूरच्या पुढे गेलो. तिथल्या एका माळावर आम्ही काही जण विमानं उडवतो. इंजिन मी आधी काउल न लावताच चालवून पाहिलं, मग काउल चढवलं. बाबा घडीच्या खुर्चीवर बसले होते. विमान वर गेलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्यांना ते ऐकायचं होतं. दुसरी चक्कर झाली. मी उतरवायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तिसरी मारली. अर्ध्यात आवाज जड झाला. माझ्याआधी बाबांना कळलं. “गरम झालं,” ते म्हणाले, आणि आवाज बंद पडला. मी घाईने वळवायला गेलो. विमान एका पंखावर कलंडलं आणि कापलेल्या भातशेतात नाकावर आलं.

पंख मोडला, शेपूट तुटली. काउलला फक्त माती लागली होती. बाबांनी इंजिनाजवळ बोट नेलं आणि चटकन मागे घेतलं. तेवढ्यात आमच्यातलाच एक जण धावत आला आणि काउल उलटं करून बघत मला म्हणाला, “अरे यार, मागे कापलंच नाहीस? मला तर हे तूच सांगितलं होतंस ना!”

त्याचा काही दोष नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

गाडीत मी बरीच सारवासारव केली, वाऱ्याला दोष दिला, माझ्या वळवण्याला दिला. मुलुंड आलं तेव्हा थकून थांबलो.

घरी आल्यावर त्यांनी शेंदराची वाटी मागितली. काउल मांडीवर घेतलं, बोट बुडवलं आणि त्यावर लाल फराटा ओढला. हात इतका हलत होता की तो वेडावाकडा आला.

“माझ्या जॉबवर कालचे पोरगे लाल ओढायचे,” ते म्हणाले. “मी शिव्या घालायचो आणि दुरुस्त करायचो. तू मला काम नव्हतं दिलंस रे. पाळणाघरात बसवलं होतंस.”

मी तेच केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा टीव्हीसमोर बसू लागले. मी पुढे दोनतीनदा काही ना काही घेऊन गेलो, बिघडलेलं कुलूप, मिक्सरचं भांडं. ते म्हणायचे, “तुला जमेल.” आमटीबद्दलही पुन्हा बोलले नाहीत. पावसाळा संपता संपता गेले.

विमान मी दुरुस्त केलं. नवीन काउल आणलं, मागे ऐसपैस कापलं; इंजिन आता छान चालतं. बाबांचं काउल खिळ्याला टांगलंय. शेंदूर सुकून काळपट झालाय, पण निघत नाही, मीही काढत नाही. परवा ते उतरवून पेन्सिलीने मागे भोकाची खूण केली, कापायला किती वेळ लागला असता हे बघायला. त्या दिवशी मी लाल ओढला असता तर बाबांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि कानस उचलली असती. दहा मिनिटांचं काम होतं.