खंडोजीरावांची टाच

माप घ्यायला खंडोजीरावांना खुर्ची लागायला लागली, तिथून सगळं बिनसलं.

शिवरामपेटेतल्या त्यांच्या दुकानाची एक रीत होती. पँट शिवून झाली की गिऱ्हाइकानं ती घालून उभं राहायचं, आणि मास्तरांनी त्याच्या पायाशी उकिडवं बसून तळाची घडी खडूनं स्वतः आखायची. चाळीस वर्षांत हे काम त्यांनी कारागिराच्या हाती दिलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी जयतीर्थ सरांची, म्हणजे शाळेतल्या निवृत्त शिक्षकांची, पँट आखताना टाचा उचलल्या गेल्या आणि मास्तर सपशेल मागे आडवे. पडता पडता सरांनाही काउंटरवर आदळवलं. तेव्हापासून ते खुर्चीवरूनच वाकून अंदाजानं खडू ओढायचे.

आता शिंपीच तो! दोष कापडाचाच असणार. स्वतःच्या पँटचं आसन त्यांनी तीनदा उसवलं, तुकडा जोडला, सैल केलं. त्यात दोन खंडोजीराव मावले असते, पण बसता एकालाही येईना.

जुलैत त्यांनी घरी जाहीर केलं, "दसऱ्यातल्या आयुधपूजेला मशीन पुसायची, कुंकू लावायचं आणि कायमचं शटर ओढायचं. पायाशी बसता येत नाही तो मास्तर कसला?" दुकान गेलं तर आपण कोण, हेच त्यांना कळत नव्हतं.

त्यांची मुलगी वर्षिणी येलवालच्या जिममध्ये व्यायाम शिकवते. ती म्हणाली, "अप्पा, बसून दाखवा. पाय खांद्याइतके फाकवा, चवडे स्वल्प बाहेर."

ते बसू लागले.

"अय्यो, टाच बघा, उचलली! पँट नव्हे, घोटा आखडलाय."

"याच घोट्यानं चाळीस वर्षं मशीन चालवलीय!"

"पायानं चालवत होता तोवर ठीक होतं. मोटर बसवल्यापासून पाय नुसता टेकलेला असतो."

खंडोजीराव चिडले. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. सुटिंगच्या कापडाच्या आठ घड्या करून टाचांखाली सरकवल्या. दाराची चौकट धरायची, ढुंगण मागे नेत खाली यायचं, गुडघे चवड्यांच्या दिशेनं, छाती वर. मग भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, आणि अंगठ्यापासून भिंत किती लांब ते टेपनं मोजायचं. पहिल्या दिवशी एक इंच भरलं. "दीड," खंडोजीराव म्हणाले. वर्षिणीनं टेप काढून घेतली.

टाच स्थिर राहिली की एक घडी कमी. आठाच्या पाच झाल्या आणि गाडी तीन आठवडे तिथेच अडली. एकदा तर त्यांनी कापड लाथेनं उडवलं, "आयतु, पुरे झालं!" दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आपणच घडी घालून उभे. दसऱ्याच्या आठवड्यात टेप साडेतीनवर आली आणि टाचेखाली फक्त फरशी उरली.

आयुधपूजेच्या दोन दिवस आधी जयतीर्थ सर नवी पँट घालून बघायला आले. अंगातली जुनी त्यांनी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. मास्तर आखायला येताच ते आपणहून म्हणाले, "थांबा, खुर्ची मोकळी करतो."

"राहू द्या." खंडोजीराव सावकाश खाली बसले. टाचा फरशीला घट्ट. दोन्ही पायांवर खडूची रेघ सरळ उमटली. मनातून ते इतके खूश झाले की वर्षिणीला आत्ता फोन करावासा वाटला.

तेवढ्यात खुर्चीवरची जुनी पँट नजरेसमोर आली. तळाची कड मागून घासून चिंध्या झाली होती. टाके त्यांचेच होते.

"सर, ही दोन वर्षांपूर्वीची ना? इंचभर लांब ठेवलीय मी. चपलेखाली घासत फिरलात, बोलला का नाहीत?"

सर जरा घुटमळले. "बोललो असतो तर तुम्हाला खाली बसावं लागलं असतं, मास्तर."

खंडोजीरावांचे डोळे भरून आले. ते उठले नाहीत. जुनी पँट मांडीवर ओढली आणि तिथेच बसून कड उसवायला घेतली.

"बाकीच्याही घेऊन या," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर. दुकान उघडं असेल."