फलाटावरची इंग्रजी

आमच्या आत्याने बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून उभा जन्म मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत घोषणा करत गाड्या सोडल्या. मग तिथे रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि आत्याचा आवाज घरी आला. दोन माणसांच्या घराला तो फार होता. "अगं, मी समोरच बसलोय," असं काका सारखे म्हणायचे.

गल्लीच्या टोकाला शाळा होती. तिथे इंग्रजी वाचनाच्या तासाला शिक्षक नव्हता. मुलं धडा वाचायची, पण तोंडातल्या तोंडात, चूक कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. आत्याला तो तास हवा होता. न मिळाला तर दिवसभर काकांशीच बोलायचं होतं, आणि काका त्याला तयार नव्हते.

मुख्याध्यापक म्हणाले, "कवितावाचनाच्या स्पर्धेसाठी एक मुलगी तयार करा. मग बघू."

मुलगी मिळाली ती शिंप्याची. आवाजावरून सगळे तिला चिमणी म्हणायचे. कविता एका खलाशाच्या बायकोची: ती खिडकीत दिवा लावून बसते, होडी काही येत नाही. आत्याने स्वतःला येत होतं तसंच तिला शिकवलं. शब्द सुटा, वाक्य सावकाश, आवाजात राग-लोभ नाही आणि प्रत्येक ओळ दोनदा.

"दोनदा कशाला?" काकांनी विचारलं.

"पहिल्यांदा लोक नुसते 'काय म्हणाली?' म्हणतात."

"कवितेत रडू यायला पाहिजे ना?"

"सांगणारीच रडत बसली तर लोकांची गाडी चुकेल."

"गाडी नाही गं, होडी आहे. आणि ती येतच नाही."

"मग तर आणखी स्पष्ट सांगायला हवं."

स्पर्धेत आधीच्या मुलांनी छाती पिटली, एकजण गुडघ्यावर कोसळला. पालक आपापसात बोलत राहिले. मग चिमणी हात सरळ ठेवून उभी राहिली आणि होडी आज रात्री येणार नाही, असं तिने इंग्रजीतून कळवलं. पुन्हा कळवलं. मागच्या रांगेतल्या दोघांचे हात पिशव्यांकडे गेले. एका आजोबांनी विचारलं, "आता पुढची कधी आहे?"

परीक्षकांनी शेरा दिला, 'भावना शून्य.' बक्षीस गुडघेवाल्याला गेलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी आत्यासमोरच वर्गात मुलांना विचारलं, कोणत्या कवितेत काय झालं? बक्षिसाच्या कवितेबद्दल कुणालाच काही सांगता येईना. चिमणीच्या कवितेवर मात्र मागचा बाक पेटला.

"होडी बुडाली!"

"बुडाली कुठे म्हटलंय? आली नाही म्हटलंय!"

"मग ती बाई वेडी आहे का? झोपत का नाही?"

"तुझा बाप नाही आला तर तुझी आई झोपेल का?"

हे भांडण घंटा झाल्यावरही थांबेना. मुख्याध्यापक आत्याकडे वळले. "सोमवारपासून या. पण ओळ एकदाच म्हणायची. तास लहान असतो."

"एकदा मी म्हणेन," आत्या म्हणाली, "दुसऱ्यांदा वर्ग म्हणेल."

आठवड्याभरात शेजारच्या वर्गातले गणिताचे सर तक्रार घेऊन आले. त्यांच्या मुलांनाही इंग्रजीचा धडा यायला लागला होता.