मॅडमनी दोनदा दिलेलं एकच उत्तर

"पार्किंगपेक्षा मासळीबाजार जास्त गरजेचा आहे, एवढंच कोर्टाने जाहीर करावं," मी म्हणालो. जजमॅडमनी समोरची फाइल मिटली.

माझ्यामागे माझी अशील हिराबाई उभी होती. भाईंदरच्या कोळणींच्या वतीने तिने रिट केलं होतं. रिट म्हणजे सरकारी निर्णय कायद्याने झालाय का, हे हायकोर्टाने तपासावं म्हणून केलेला अर्ज. बाजारातली बसायची जागा कोळणींमध्ये सासूकडून सुनेकडे जाते. तिथे एका अधिकाऱ्याने पार्किंग ठरवलं. बायकांना विचारलंही नाही.

"यांना न ऐकता निर्णय झाला, म्हणून तो रद्द," मॅडम म्हणाल्या. "यांचं ऐकून पुन्हा ठरवा. तिथे काय असावं, ते मी सांगणार नाही. मला स्वतःला बाजार बरा वाटतो, तरीही नाही. शहर चालवायला मला इथे बसवलेलं नाही."

मला तो अर्धाच विजय वाटला. कॉरिडॉरमध्ये हिराबाईला म्हणालो, मॅडम घाबरल्या. वकिलांच्या बाररूममध्येही तेच सांगत सुटलो.

पुढे त्या अधिकाऱ्यासमोर रीतसर सुनावणी झाली. बायका बोलल्या. बाजार राहिला. मग शेजारच्या सोसायटीने रिट केलं आणि ते त्याच मॅडमपुढे आलं. सोसायटीचा सीनियर वकील ट्रॅफिकवर उत्तम बोलला. त्यातलं बरंचसं मलाही पटलं. नियम कुठे मोडला, ते मात्र त्याला सांगता येईना. शेवटी त्याने माझीच मागणी उलटी करून मांडली. बाजारापेक्षा पार्किंग गरजेचं, एवढंच कोर्टाने जाहीर करावं.

मी उठलो आणि मॅडमची जुनी ऑर्डर वाचून दाखवली. ज्या ऑर्डरला मी भित्री म्हणत होतो, तीच.

"लक्षात आहे माझ्या," मॅडम म्हणाल्या. "उत्तरही तेच आहे." रिट फेटाळलं.

बाहेर आल्यावर हिराबाई म्हणाली, "तवा तुम्हीच बोललेत, म्याडम घाबरली. मंग आज कशी न्हाय घाबरली?"

"तेव्हाही घाबरल्या नव्हत्या. मी चुकीचं बोललो."

"मी सगल्या बाजारात सांगून बसले ना, वकीलसाहेब. आता परत सांगत फिरू?"

ती फिरली. मी बाररूममध्ये गप्पच राहिलो, मॅडम रिटायर होईपर्यंत. म्हणून आज लिहितोय.

आपल्यासाठी मर्यादा ओलांडणारा जज वकिलाला फार आवडतो. पुढच्या वेळी तो समोरच्यासाठी ओलांडतो.